तीन माणसांचे गहू

अहो, गहू आले. तोंड शिवलेले चार कट्टे.

माणशी एक कट्टा आणि आल्यागेल्याचा एक. हे माप तुमच्या आईचं, माझं नाही, पण लग्न होऊन आल्यापासून मी तेच धरून चालले. परवा दुकानदाराचा फोन आला, "काकू, दरवर्षीचेच पाठवू ना?" मी मशीनवर बसले होते, शेजारणीच्या ब्लाऊजची बाही लावत होते, ओठांत टाचण्या होत्या. "हं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग लक्षात आलं, तीन माणसांतलं एक माणूस जाऊन सव्वा महिना झाला.

टाचण्या काढल्या आणि रडले. तुमच्या दिवसांत लोक बसायला येत होते तेव्हा इतकं रडायला आलं नव्हतं. जो तो यायचा आणि म्हणायचा, "नाना फार शांत माणूस." मी मान हलवायचे. मनात म्हणायचे, शांत? यांना एकदा आमच्याकडे जेवायला बोलवायला हवं होतं.

आणि खरं सांगायचं तर चार सोडा, घरात किती कट्टे लागणार हेच ठरलेलं नव्हतं. गहू यायच्या आदल्या दिवशी धुळ्याहून वैशालीचा फोन आला होता. आपल्या लेकीच्या पोटात काही राहत नाही, तुम्हाला माहीतच आहे. म्हणाली, "आई, पंकजला नाशिकच्या जुन्या कंपनीने परत बोलावलंय. चांगल्या जागेवर. शनिवारपर्यंत कळवायचंय. आणि तो नाही म्हणून कळवणार आहे. तुला सांगू नको म्हणाला." मी विचारलं, "का नाही म्हणणार आहे?" म्हणाली, "तू एकटी पडशील म्हणून. दुसरं काय?"

चौतीस वर्षांचा झाला तुमचा मुलगा. मोठा झाला तो आपल्या मेहरूणच्या याच घरात, याच पलंगावर, आणि अजून तिथेच झोपत होता. त्यावरून तुम्ही त्याला काय काय बोललात ते सगळं मला पाठ आहे. "लोकांकडे घरजावई असतो, आमच्याकडे घरमुलगा आहे." हे तुम्ही पाहुण्यांसमोरही म्हणायचे. भुसावळहून मुलीकडचे आले होते, आठवतं? मुलीच्या वडिलांनी सरळ विचारलं, "तुमचा मुलगा एकटा राहू शकतो का? आमची मुलगी पुण्यात नोकरी करते, तिला आयतं वाढून देणारा नको, पण घेणाराही नको." तुम्ही म्हणालात, "स्वयंपाक येत नाही त्याला, पण वाटी पुढे करता येते." ते हसले आणि चहा पिऊन गेले ते गेलेच. मी तुमच्याशी चार दिवस भांडले. पोराचं लग्न मोडून कोणी विनोद करतं का? तुम्ही म्हणालात, "मोडलं काय, जमलंच कुठे होतं?"

जेवायला बसलो की तुमचं सुरू व्हायचं. एरवी शुद्ध बोलणारा माणूस, पण पोराला बोलायचं म्हटलं की तुमच्या धुळ्याकडच्या गावची भाषा तोंडात यायची. "बठ्ठं गाव पोट भराले भाहेर जास, आन आमना राजा घरमाच." सगळं गाव बाहेर आणि हा एकटा घरात, हे ऐकत पंकज मान खाली घालून भाकरी मोडायचा. मी म्हणायचे, "तो क्लासवर शिकवतो, सकाळ-संध्याकाळ दोन बॅचेस घेतो, घरी बसलेला नाही." तुम्ही म्हणायचे, "मी त्याच्या वयाचा होतो तेव्हा दोन पोरांचा बाप होतो." मी म्हणायचे, "बाप होतात, पण पोरं कोण सांभाळत होतं?" की मग आपलं जे जुंपायचं. तो ताट उचलून निघून जायचा आणि आपण मागे भांडत बसायचो. माझ्या माहेरचं पहूर निघायचं, तुमची आई निघायची, वैशालीच्या लग्नात कोणाला आहेर द्यायचा राहिला तेही निघायचं. उष्टे हात वाळून जायचे.

आणि मला राग कशाचा यायचा सांगू? एकीकडे पोरगा मोठा होत नाही म्हणून ओरडायचे आणि दुसरीकडे त्याला घरातल्या एका कामाला हात लावू द्यायचे नाहीत. पाण्याची मोटर तुम्हीच लावणार. सिलेंडर तुम्हीच बदलणार. हिवाळ्यात गच्चीवर कापसाची पऱ्हाटी पेटवून वांगी भाजायचे, तेव्हा तो बिचारा शेजारी उभा असायचा. एकदा लाकडी बडगी पुढ्यात ओढून त्याने वांगी चेचायला घेतली, तर तुम्ही लगेच, "सोड, वांगं चेचायचं असतं, मारायचं नसतं." त्याने मुसळी ठेवली आणि खाली जाऊन टीव्ही लावला. मी म्हटलं, "करू द्यायचं होतं त्याला." तर म्हणालात, "भरीत बिघडलं असतं." अहो, बिघडलं असतं तर बिघडलं असतं, एक दिवस वाईट भरीत खाल्लं असतं आपण.

पण आज मी तुम्हाला बोल लावायला बसले नाही. तुम्हाला न सांगितलेली एक गोष्ट आहे आणि ती सात वर्षांची आहे.

पंकज नाशिकला गेला तेव्हा सत्तावीसचा होता. संक्रांत झाली आणि गेला. दोन मित्रांबरोबर खोली, कंपनीत नोकरी. आपण त्याच्याबरोबर काय काय बांधून दिलं होतं, बिबडे, कुरडया, लोणच्याची बरणी, डाळ. त्या खोलीत गॅससुद्धा नव्हता. मित्रांनी कुरडया कच्च्याच खाल्ल्या म्हणे. मी स्टेशनवर आले नाही, तुम्ही सोडून आलात आणि म्हणालात, "गेला बुवा एकदाचा." तुमचा आवाज कसा होता ते मला नीट आठवत नाही. आठवायला हवं होतं.

चैत्रात गहू भरले. तुमची नोकरी अजून होती, गव्हासाठी तुम्ही दोन दिवसांची रजा काढून यायचे. गच्चीवर चार कट्टे पाहिले आणि थांबलात. "हाई कोनासाठे शे?" मी म्हटलं, "भाव वाढणार आहेत म्हणे, असू द्या." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि एरंडेलाची बाटली उघडलीत. घरात नसलेल्या माणसाच्या गव्हाला तुम्ही दुपारभर तेल चोळत होता. मला वाटलं, तुम्हाला काही कळलं नाही.

मे महिन्यात तुम्ही रिटायर झालात आणि कायमचे घरी आलात.

अहो, आपल्या लग्नाला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती. पण पाटबंधारे खात्याने तुम्हाला कधी साक्रीला टाकलं, कधी शिरपूरला, तुम्ही शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. घरात सासूबाई होत्या, पोरं होती, तुमचा भाऊ शिकायला होता. तुम्ही आणि मी, दोघंच, असं घर आपण कधी पाहिलंच नव्हतं. सासूबाई गेल्या, वैशाली सासरी गेली, पंकज नाशिकला गेला आणि आपण दोघं समोरासमोर आलो. बोलायचं काय तेच समजेना. तुम्ही पेपर वाचायचे. मी मशीन चालवायचे. चार वाजता चहा.

"साखर झाली का बरोबर?"

"झाली."

संपलं. डॉक्टरांनी तुम्हाला फिरायला सांगितलं म्हणून एकदा आपण तळ्यावर गेलो होतो. तुम्ही दहा पावलं पुढे, मी मागे. अख्खी फेरी झाली, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, मीही नाही. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणालात, "डास फार आहेत." मी त्या दिवशी मोरीत जाऊन हसले आणि मग रडले. हा माणूस वाईट नाही, कधी हात उगारला नाही, पगार आणून हातात दिला, आणि याच्याशी बोलायला मला एक वाक्य सुचत नाही. किती बोलायचं होतं मला. तुम्ही साक्रीला एकटे काय जेवायचे, कोण होतं तिथे तुमचं, कधी माझी आठवण यायची का. पन्नाशी उलटलेल्या बाईने हे नवऱ्याला कसं विचारायचं? मला नाही जमलं.

म्हणून श्रावणात एका दुपारी तुम्ही पेन्शनच्या कागदांसाठी ऑफिसात गेला होतात तेव्हा मी पंकजला फोन केला. गुडघा दुखत होता, नाही असं नाही. जिना चढताना आई गं म्हणण्याइतका दुखत होता. मी त्याला सांगितलं, मला उठवत नाही, नळ दिवसाआड येतो, पाणी भरवत नाही, नानांना यातलं काही सांगू नको, ते काळजी करतील. तो म्हणाला, "येतो मी, आई." एवढंच.

रविवारी तो दोन बॅगा घेऊन दारात उभा राहिला. दार तुम्ही उघडलंत. "आलास का? कंटाळलास एवढ्यात?" मी स्वयंपाकघरात उभी होते. तेव्हाच सांगायला हवं होतं, कंटाळला नाही, मी बोलावलाय. मी चहाचं आधण ठेवलं. संध्याकाळी जेवताना तुम्ही त्याला पहिल्यांदा बोललात, मी तुम्हाला बोलले, सात महिन्यांनी घरात आवाज झाला. शेवभाजीचं पातेलं रिकामं झालं. आणि सांगायला लाज वाटते, पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

मग सात वर्षं तुम्ही त्याला घरमुलगा म्हणत राहिलात आणि मी ऐकत राहिले. त्याची बाजू घेऊन तावातावाने भांडायचे, पण जी एक गोष्ट सांगितली असती तर तुमचं तोंड बंद झालं असतं ती सांगितली नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात सांगणार होते. रोज ठरवायचे. तुम्ही म्हणायचे, पाय चेप. मी चेपायचे. पाय चेपताना असलं काही बोलायचं नाही असं वाटून गप्प राहायचे. मग ते राहूनच गेलं.

तर चार कट्टे गच्चीवर पोचले. शुक्रवार होता. सकाळीच पंकज म्हणाला, "मी करतो, सांग कसं करायचं." चौतीस वर्षांच्या मुलाने पहिल्यांदा एरंडेलाची बाटली हातात घेतली, आणि एका घमेल्यात अर्धी बाटली ओतली. गहू नुसते थबथबले. मी ओरडायला तोंड उघडलं आणि थांबले. त्याला कोणी शिकवलं होतं? तुम्ही हात लावू दिला नाहीत, मी सांगितलं नाही. मी त्याच्याजवळ बसले, हातावर चार थेंब घेऊन दाखवलं, असं चोळायचं, दाण्याला नुसती चमक आली पाहिजे. तो चोळायला लागला. हात अगदी तुमच्यासारखे आहेत हो त्याचे, बोटं तशीच आखूड. मला तिकडे बघवेना.

मी गव्हाकडे बघत म्हटलं, "नाशिकला नाही म्हणून कळवू नको."

"वैशूने सांगितलं वाटतं."

"तिने सांगितलं. आता मी काय सांगते ते ऐक. सात वर्षांपूर्वी माझा गुडघा एवढा दुखत नव्हता."

तो चोळतच राहिला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी पाऊस आला, आणि तू गच्चीवरचे कपडे काढायला दोन दोन पायऱ्या चढत धावलीस. मी जिन्यातच उभा होतो."

मला हसू आलं आणि कान गरम झाले. म्हटलं, "मग परत का नाही गेलास? तेवढ्यावरून गेला असतास तर मी कोणत्या तोंडाने अडवलं असतं?"

"निघालोच होतो. नानांना सांगितलं, आईने उगाच बोलावलं, जातो मी. ते म्हणाले, थांब."

"कोण म्हणालं?"

"नाना."

"रोज शिव्या घालणारे नाना?"

त्याने हात थांबवले. म्हणाला, "आई, ते म्हणाले, तू घरात असलास की तुझी आई माझ्याशी भांडते तरी. नाहीतर आम्ही दोघं नुसते बसून असतो. म्हणाले, मी तुला बोलेन, तू मनावर घेऊ नको. आणि तिला सांगू नको."

माझ्या हातातला गहू हातातच राहिला. मी विचारलं, "आणि तू सात वर्षं ऐकून घेतलंस?"

"पहिली दोन वर्षं गंमत वाटायची. तुम्ही दोघं असे रंगात यायचे ना भांडताना. मग मात्र लागायला लागलं. नानांना पण कधी कधी भान राहायचं नाही, खरंच रागवायचे. भुसावळच्या वेळी मी त्यांच्याशी महिनाभर बोललो नव्हतो, तुला माहीत आहे." मग थांबून म्हणाला, "पण सगळं तुमच्यावर नाही ढकलत मी. मलाही सोपं पडलं. तिकडे रविवारी त्या खोलीत करमायचं नाही. साहेब बोलला की घरची आठवण यायची. तुझा फोन आला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. आताही नाही म्हणायचं ठरवलं, ते काय फक्त तुझ्यासाठी? भीती वाटते आई. या वयात चहा सोडून काही करता येत नाही, लोकांना काय सांगू?"

बघा. तुमच्या घरमुलग्याने जेवढं खरं एका दमात सांगितलं, तेवढं आपल्या दोघांना मिळून जन्मात जमलं नाही.

मी त्याला म्हटलं, "फोन लाव. माझ्यासमोर लाव." तो म्हणाला, "तू एकटी कशी राहशील?" मी म्हटलं, "मला करमणार नाही. हे आत्ताच सांगते, म्हणजे उद्या गुडघा दुखायला नको. करमणार नाही, पहिले काही महिने मी रोज रडेन, आणि तुला बोलावणार नाही. मशीन आहे, शेजार आहे, फारच झालं तर धुळे काही लांब नाही. तू तुझं बघ. भाजी करपली तर करपलेली खा, पण स्वतःची खा." त्याने तेलकट हातानेच फोन लावला. बोलताना दोनदा अडखळला. हो म्हणाला.

सोमवारी गेला. एक कट्टा बरोबर ने म्हटलं तर म्हणाला, "आई, तिकडे पीठ तयार मिळतं, कोठी कुठे ठेवू आणि चक्की कुठे शोधू?" बरोबरच आहे त्याचं. मी आग्रह केला नाही. आग्रह न करणं फार जड जातं हो. दोन कट्टे धुळ्याला पाठवून दिले, तो अर्ध्या बाटलीवाला धरून. वैशालीचा फोन आला की पोळ्यांना एरंडेलाचा वास येतोय. म्हटलं, भावाने केलंय, खा मुकाट्याने.

या वेळी स्टेशनवर मी गेले. गाडी सुटताना त्याने वाकून नमस्कार केला आणि सरळ होताना डोळे पुसले, चौतीस वर्षांच्या माणसाने, सगळ्या फलाटासमोर. मी नाही पुसले. रिक्षात बसल्यावर पुसले.

आता घरात मी आहे. दुपारी काम नसलं की तुमच्या खुर्चीसमोर बसते आणि मला एकेक आठवतं. तुम्ही जेवताना पोराला बोलायचे, पण नजर माझ्याकडे असायची. मी बोलायला लागले की तुम्ही घास हातात धरून थांबायचे. मी उत्तर द्यायला उशीर केला तर तुम्ही आणखी काहीतरी उकरून काढायचे. मला वाटायचं, या माणसाला भांडायची खोडच आहे. मला तुमचा राग येतो. पोराला सांगितलंत आणि मला नाही. सात वर्षं आपण दोघांनी त्याला मध्ये बसवून ठेवलं, एकमेकांशी बोलता यावं म्हणून, आणि त्याची ती वर्षं मी आता कुठून आणून देऊ? हे तुमच्याशी भांडायचं आहे मला. पंकजवरून नाही, वैशालीवरून नाही, आपल्या दोघांवरून. तसं आपण कधी भांडलोच नाही.

आणि अजून एक विचारायचं आहे. साक्रीला एकटे असताना तुम्ही काय जेवायचे, हो?

तो घरात नसता तरी मी बोलले असते तुमच्याशी. तुम्ही नुसतं "ये, बस" म्हणायला हवं होतं.